मेट्रो-लोकलजवळचे भाड्याचे घर : पहिल्या नव्हे, तिसऱ्या वर्षाच्या भाड्याचा हिशेब

मुंबई/नवी दिल्ली : महानगरात भाड्याचे घर शोधणारे कुटुंब सहसा दोन आकड्यांची चौकशी करते. महिन्याचे भाडे किती आणि स्थानक किती लांब. करार संपल्यावर भाडे कितीने वाढणार, हा तिसरा आकडा बहुतेकदा सही करताना प्रथम नजरेस पडतो, आणि तोवर टोकन दिलेले असते, सामानाचा टेम्पोही ठरलेला असतो. मुलांची शाळा आणि दोघांच्या नोकऱ्या एका स्थानकाभोवती बेतल्यानंतर दोन वर्षांनी भाडे झेपेनासे झाले, तर केवळ घर बदलत नाही. शाळेची बस, पाळणाघर, कार्यालयाची वेळ असे सगळेच विस्कटते. त्यामुळे सार्वजनिक वाहतुकीजवळचे आणि भाडेवाढ आटोक्यात राहील असे घर शोधताना करार आणि कायदा यांना घराच्या चौरस फुटांइतकेच महत्त्व द्यावे लागते.

मेट्रोचे जाळे पसरू लागल्यापासून हा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. दिल्लीत डिसेंबर २००२ मध्ये, बंगळुरूत ऑक्टोबर २०११ मध्ये, मुंबईत जून २०१४ मध्ये आणि पुण्यात मार्च २०२२ मध्ये मेट्रो धावू लागली. मुंबईतील आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा भुयारी मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला. मार्गाची घोषणा, खांब उभे राहणे आणि प्रत्यक्ष गाडी सुरू होणे या तिन्ही टप्प्यांवर त्या परिसरातील घरमालकांची अपेक्षा वाढते. भाडेकरूला सोय मात्र शेवटच्या टप्प्यावरच मिळते.

'स्टेशनपासून पाच मिनिटे'

जाहिरातीतील पाच मिनिटे कोणाची, हे आधी पाहावे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या ट्रान्झिट-केंद्रित विकास धोरणात स्थानकाचे प्रभावक्षेत्र साधारणतः ५०० ते ८०० मीटर, म्हणजे १० ते १२ मिनिटे चालण्याचे अंतर, असे धरले आहे. मोबाइलवरील नकाशात सरळ रेषेत ६०० मीटर दिसणारे अंतर रेल्वेरूळ, नाला किंवा द्रुतगती मार्ग आड आल्यास सहज दीड किलोमीटर होते. मुंबईत स्थानकाची पूर्व बाजू आणि पश्चिम बाजू यांतील फरक हा पादचारी पुलाचाही फरक असतो. घर पाहायला रविवारी दुपारी न जाता कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला जावे आणि इमारतीच्या फाटकापासून फलाटापर्यंत स्वतः चालून पाहावे. पावसाळ्यात तोच रस्ता कसा असतो, हे खालच्या किराणा दुकानदाराला विचारले तर दलालापेक्षा खरे उत्तर मिळते.

हे अंतर पैशांतही मोजता येते. मुंबई महानगरात फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये आहे. स्थानकापर्यंत जाण्यायेण्यासाठी रोज दोन वेळा रिक्षा लागत असेल, तर २५ दिवसांचे १,३०० रुपये होतात. घरातील दोन माणसे वेगवेगळ्या वेळी निघत असतील तर २,६००. म्हणजे दूरचे घर महिन्याला हजार रुपयांनी स्वस्त असूनही महागच पडते. उलट शेअर रिक्षा किंवा बेस्ट, पीएमपी, बीएमटीसी यांची नियमित बस फाटकाजवळ थांबत असेल, तर दीड-दोन किलोमीटर आत असलेले घर फायद्याचे ठरू शकते. इतक्या आतल्या घरांना 'मेट्रोलगत' ही पाटी लावता येत नाही आणि वाढीच्या वेळी मालकाच्या हाती तो मुद्दाही राहत नाही.

माफक वाढ म्हणजे किती

रिझर्व्ह बँकेने किरकोळ महागाईचे उद्दिष्ट ४ टक्के ठेवले आहे. मोठ्या शहरांतील भाडेकरारांत सहसा ५ ते १० टक्के वार्षिक वाढ लिहिली जाते. ऐकताना हे अंतर लहान वाटते. २५,००० रुपये भाड्याच्या घरात दरवर्षी ५ टक्के वाढ झाल्यास पाचव्या वर्षी भाडे सुमारे ३०,३९० रुपये होते. १० टक्क्यांनी ते ३६,६०० वर जाते. पाच वर्षांत दिलेल्या एकूण भाड्यातील फरक सुमारे १ लाख ७४ हजार रुपयांचा आहे.

म्हणूनच सुरुवातीचे कमी भाडे फसवे ठरू शकते. एक घर २३,००० रुपयांना आणि १० टक्के वाढीने, दुसरे २४,००० रुपयांना आणि ५ टक्के वाढीने मिळत असेल, तर तीन वर्षांत पहिल्या घराचे ९,१३,५६० रुपये आणि दुसऱ्याचे ९,०७,९२० रुपये द्यावे लागतात. वरवर महाग दिसणारे घर तिसऱ्या वर्षअखेर स्वस्त पडते, आणि पुढे दरवर्षी अधिकच स्वस्त.

११ महिन्यांच्या कराराचा हिशेब याहून छुपा आहे. वाढ बारा महिन्यांनी नव्हे तर अकरा महिन्यांनी होते, त्यामुळे १० टक्के वाढ वर्षाच्या मापाने जवळपास ११ टक्के पडते. पाच वर्षांत चारऐवजी पाच वेळा भाडे वाढते. प्रत्येक नूतनीकरणाला दलालाने पुन्हा दलाली मागितली, तर तीही भाड्यातच धरावी लागेल.

कायदा काय म्हणतो, आणि काय म्हणत नाही

महाराष्ट्रात मोठा गैरसमज ४ टक्क्यांबाबत आहे. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ११ मध्ये वर्षाला ४ टक्के वाढीची तरतूद आहे खरी. ती कायद्याचे संरक्षण असलेल्या भाडेकरूंसाठी, मुख्यतः जुन्या पागडीच्या आणि तत्सम घरांसाठी आहे. आज नव्याने घर घेणारा जवळजवळ प्रत्येक जण 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर राहतो. कायद्याच्या भाषेत तो भाडेकरू नसून अनुज्ञप्तिधारक असतो आणि त्याला ही मर्यादा लागू होत नाही. त्याची वाढ ठरते ती केवळ करारातील आकड्यावर.

या रचनेला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीच्या आसपास गोठवली. पन्नास वर्षांनी, डिसेंबर १९९७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मलपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात प्रमाणभूत भाड्याच्या त्या तरतुदी कालांतराने अवाजवी झाल्याचे म्हटले. तोवर मालकांनी घरे भाड्याने देण्याचा धसकाच घेतला होता. लिव्ह अँड लायसन्सने त्यांना घर परत मिळण्याची खात्री दिली : मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याकडून कलम २४ नुसार दुप्पट शुल्क वसूल करता येते. त्याच कलमानुसार लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. 'काका म्हणाले होते, फार वाढवणार नाही' या आश्वासनाला त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने काहीही किंमत उरत नाही.

११ महिन्यांच्या कराराची प्रथा नोंदणी अधिनियम, १९०८ मधून आली. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने देशभर ११ महिन्यांचा कागद रूढ झाला. महाराष्ट्रात या पळवाटेचा काही उपयोग नाही. कलम ५५ नुसार करार कितीही मुदतीचा असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. तरीही राज्यात ११ महिन्यांचाच करार पुढे केला जातो तो सवयीने, आणि दर अकरा महिन्यांनी भाव नव्याने ठरवता यावा म्हणून.

६० महिन्यांपर्यंतचा करार करता येत असताना खर्चाचे कारण टिकणारे नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामतीवर धरलेले वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के आहे. २५,००० रुपये भाडे, एक लाख अनामत आणि ३६ महिन्यांची मुदत धरल्यास ते २,३२५ रुपये होते. महापालिका क्षेत्रात नोंदणी शुल्क १,००० रुपये. आधार आणि बोटांच्या ठशांच्या आधारे घरबसल्या ऑनलाइन नोंदणीही होते. तीन वर्षांच्या स्थैर्याची ही किंमत एका महिन्याच्या दलालीच्या तुलनेत नगण्य आहे.

राज्याबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना वेगळे नियम भेटतात. दिल्लीच्या १९५८ च्या कायद्यात दर तीन वर्षांनी १० टक्के वाढीची मर्यादा आहे, पण १९८८ च्या दुरुस्तीने महिना ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याची घरे त्यातून वगळली गेली. बंगळुरूतही कर्नाटक भाडे अधिनियम, १९९९ साठी हीच ३,५०० रुपयांची रेषा आहे. आजच्या भाड्यांकडे पाहता नव्या भाडेकरूला या दोन्ही कायद्यांतील मर्यादांचा आधार मिळणे कठीण आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात वाढीला टक्केवारीची कमाल मर्यादा नाही. मात्र मुदतीच्या आत करारात नसलेली वाढ करता येत नाही आणि नव्या भाड्याची लेखी सूचना तीन महिने आधी द्यावी लागते. घरभाडे हा राज्यांचा विषय असल्याने हा केवळ नमुना आहे. उत्तर प्रदेश, तामिळनाडू, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी त्या धर्तीवर आपले कायदे बदलले. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा लागू आहे.

कोठे शोधावे

ज्या स्थानकाला बरीच वर्षे झाली आहेत, तेथे मेट्रोचा भाव आधीच भाड्यात मुरलेला असतो. भाडे जास्त असेल, पण पुढील उडीची शक्यता कमी. नव्या मार्गावर याच्या उलट. भाड्याची खरी लगाम मात्र पुरवठ्याच्या हाती असते : स्थानकाभोवती नव्या इमारती पूर्ण होत असतील आणि अनेक फ्लॅट एकदम भाड्याला निघत असतील, तर मालकाला भाव रेटता येत नाही. नवी मुंबईत बेलापूर ते पेंधर हा ११ स्थानकांचा मार्ग नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाला आणि तो तळोजाच्या नव्या वसाहतींना जोडतो. घर निवडताना असा पट्टा, आणि सिडकोच्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींचे वरचे मजले, दोन्ही पाहण्याजोगे.

मुंबईत लोकलचे गणित मेट्रोहून निराळे आहे. मासिक पास स्वस्त असल्याने दोन-तीन स्थानके पुढे गेल्याने खर्च फारसा वाढत नाही. वाढतो तो वेळ आणि गर्दी. जलद गाडी न थांबणाऱ्या स्थानकांजवळ, जसे मध्य रेल्वेवर कांजूरमार्ग किंवा नाहूर, चौकशी करून शेजारच्या मोठ्या स्थानकाशी भाव ताडून पाहावा. बोरिवली, ठाणे, डोंबिवली, बदलापूर येथून गाड्या सुटतात, आणि बसायला जागा मिळणे ही रोज तासभर प्रवास करणाऱ्यासाठी छोटी गोष्ट नव्हे. पश्चिम उपनगरांत लिंक रोडवरील २अ आणि द्रुतगती मार्गावरील ७ या मेट्रो मार्गिकांमुळे दहिसर ते अंधेरी पट्ट्यात रेल्वे स्थानकापासून लांबच्या वस्त्याही कामाच्या झाल्या आहेत.

मुंबईत आणखी एक सावधगिरी हवी. स्थानकाजवळ असूनही भाडे कमी असलेली जुनी इमारत बहुधा पुनर्विकासाच्या वाटेवर असते. सोसायटीने विकासक निवडला की मुदतीच्या मध्येच घर सोडण्याची वेळ येते, आणि नेमक्या त्याच वेळी त्या इमारतीतील सारी कुटुंबे विकासकाने दिलेल्या भाड्याच्या जोरावर त्याच परिसरात घरे शोधू लागतात. ठराव कोठवर आला आहे, हे सोसायटीच्या सचिवांना थेट विचारणे हाच मार्ग.

पुण्यात वनाझ–रामवाडी आणि पिंपरी–स्वारगेट हे दोन मार्ग जिल्हा न्यायालय स्थानकात मिळतात. पिंपरी, कासारवाडी, दापोडी या भागांत मेट्रो आणि लोणावळा लोकल दोन्ही हाताशी आहेत. कोथरूडच्या मानाने या बाजूकडे नोकरदारांचे दुर्लक्षच होते. हिंजवडी–शिवाजीनगर मार्गाचा धडा वेगळा आहे. त्याची तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली, आणि त्या काळात 'येत्या मेट्रो'च्या नावाने जास्त भाडे देणाऱ्यांना खांबांखालील वाहतूककोंडीच मिळाली. जी गाडी धावत नाही तिचे भाडे देऊ नये.

बंगळुरूत ऑगस्ट २०२५ मध्ये आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र मार्ग सुरू झाला. इलेक्ट्रॉनिक सिटीत काम करणाऱ्यांना आता दक्षिण बंगळुरूतील जुन्या वस्त्यांत राहणे शक्य झाले आहे. मात्र तेथील मेट्रोची भाडी फेब्रुवारी २०२५ मध्ये वाढून कमाल ९० रुपयांपर्यंत गेली, हे हिशेबात धरावे. दिल्लीत मेट्रोचे जाळे नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद, गुरुग्राम या शेजारच्या शहरांपर्यंत पोहोचले असल्याने शोध दिल्लीच्या हद्दीपुरता ठेवण्याचे कारण नाही. हद्द ओलांडली की राज्याचा भाडे कायदाही बदलतो, एवढे ध्यानात ठेवावे. खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक देशभरच्या सराफ बाजारांत स्थिरावले ते गाववाल्यांच्या ओळखीवर. परगावी घर मिळवण्यासाठी महाराष्ट्र मंडळाची किंवा गावकीची ही ओळख आजही दलालापेक्षा भरवशाची आहे.

मालकाशी बोलताना

वाढ माफक राहील की नाही, हे इमारतीपेक्षा मालकावर अधिक अवलंबून असते. गृहकर्जाचा हप्ता भाड्यातून भागवणारा मालक दरवर्षी ताणणार. कर्ज फिटलेला, परगावी राहणारा किंवा निवृत्त मालक वेळेवर भाडे आणि कटकट नसलेले कुटुंब यांना महत्त्व देतो. आधीचा भाडेकरू किती वर्षे राहिला आणि का गेला, ही माहिती सुरक्षारक्षक आणि शेजारी देतात. एकाच घरात पाच वर्षांत चार कुटुंबे बदलली असतील, तर कारण शोधण्याची गरज उरत नाही.

वाटाघाटीत भाडेकरूच्या हाती एक भक्कम युक्तिवाद असतो. ३०,००० रुपयांच्या घरात ५ ऐवजी १० टक्के वाढ घेतल्याने मालकाला वर्षात १८,००० रुपये जास्त मिळतात. त्यासाठी जुने कुटुंब गेले आणि घर एकच महिना रिकामे राहिले, तर ३३,००० रुपये बुडतात. रंगकाम आणि नव्या भाडेकरूची दलाली निराळी. हा हिशेब कागदावर मांडून, करार संपण्याच्या दोन-तीन महिने आधी बोलावे. शेवटच्या आठवड्यात घाई भाडेकरूलाच असते.

कागदावर काय हवे

भाडे टक्क्यांत न लिहिता पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षासाठी रुपयांत लिहून घ्यावे. त्याहून महत्त्वाची आहे सूचनेची मुदत. करारात तीन वर्षांची वाढ ५ टक्के ठरली आणि खाली 'दोन्ही पक्षांना एक महिन्याच्या सूचनेने करार संपवता येईल' अशी ओळ राहिली, तर आधीची सारी मेहनत वाया जाते. भाव वाढताच मालक सूचना देऊन मोकळा होतो. भाडेकरूने किमान भाडे थकवेपर्यंत किंवा अटी मोडेपर्यंत मालकाला मुदतीआधी करार संपवता येणार नाही, असा 'लॉक-इन' मालकावरही हवा. छापील नमुन्यांत तो सहसा केवळ भाडेकरूवर असतो.

देखभाल शुल्क भाड्यातच आहे की वेगळे, ते वाढल्यास कोणी सोसायचे, आणि घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क कोणाचे, हेही स्पष्ट हवे. महाराष्ट्रात हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही आणि मूळ देणे सभासदाचे, म्हणजे मालकाचे असते. पैसे देण्यापूर्वी इंडेक्स टू, वीजबिल आणि मालमत्ता कराची पावती यांवरील नाव करार करणाऱ्याच्या ओळखपत्राशी जुळवावे. घर न पाहता मोबाइलवरून टोकन मागणाऱ्याला, तो स्वतःला लष्करी अधिकारी म्हणवत असला तरी, पैसे पाठवू नयेत.

उरते अनामत. बंगळुरूत दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेण्याची जुनी रीत होती. अलीकडे ती कमी होत असली तरी अनेक महिन्यांची रक्कम मागितली जातेच, आणि घर सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचे भाडे कापण्याचा प्रघात आहे. दिल्लीत सहसा एक-दोन महिन्यांवर भागते. आदर्श कायद्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे. तीन लाख रुपये मालकाकडे अडकले आणि बँकेत त्यावर ७ टक्के व्याज मिळाले असते असे धरले, तर महिन्याला १,७५० रुपयांचे न दिसणारे भाडे त्यात जोडावे लागते. घराचा ताबा घेताना भिंती, नळ, पंखे आणि वीज मीटरच्या आकड्याची छायाचित्रे काढून ती त्याच दिवशी मालकाला पाठवली, आणि चावी परत देण्याच्या दिवशीच अनामत परत मिळण्याची अट करारात असली, तर शेवटच्या महिन्याचे भाडे अनामतीतून 'वळते' करण्याची घासाघीस दोघांनाही करावी लागत नाही.